पातळी बघून गोळी

सिंहगड रस्त्यावरच्या प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. ते बहुधा पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले असतात, नाहीतर वीज मंडळातून. खातं कोणतंही असो, दाब या विषयावर बोलायचा परवाना पेन्शनच्या कागदांबरोबरच मिळत असावा. आमचे नाना पाटबंधाऱ्याचे. "जन्मभर धरणं सांभाळली, हे एवढंसं हृदय सांभाळता येणार नाही?" असं ते विचारतात, आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

सकाळी बागेतल्या बाकावर त्यांचं बीपीचं मशीन कापडी पिशवीतून बाहेर येतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकावी, हात हृदयाच्या पातळीला ठेवावा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू घेऊ नये आणि मोजताना बोलू नये, हे सगळं नाना समोरच्याला खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. स्वतःच्या दंडावरचा पट्टा फुगत असताना. मग आकडा १५८ आला की दोष महापालिकेचा.

छातीत दुखायचं म्हणून डॉक्टरांनी त्यांना मेटोप्रोलॉल दिलेली. रोज एक, चोवीस तास हळूहळू विरघळणारी. नानांनी तिचं नियोजन स्वतःकडे घेतलं. पातळी १३०च्या वर गेली तर गोळी, खाली आली तर बंद. नोंदीला लांबट वही, शेवटच्या रकान्यात शेरा: 'समाधानकारक. आवर्तन स्थगित.' पातळी गोळीमुळेच खाली आली आहे, असं त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, सुचवून पाहिलं. पण काकूंना सिंचनातलं काय कळतं! मशीन तिसरा आकडाही दाखवतं, नाडीचा. त्याला वहीत रकानाच नव्हता. कधी 'लवकर लागू पडावी' म्हणून ते गोळी खलबत्त्यात कुटून मधातून घ्यायचे. म्हणजे चोवीस तासांचं पाणी तासाभरात कालव्यात.

अशा औषधांचा पाया घालणाऱ्या सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं, हे नानांच्या मुलीनं त्यांना मुद्दाम सांगितलं होतं. "मिळालं असेल, पण फील्डवरचा अनुभव किती?" नाना म्हणाले.

उरलेल्या गोळ्या वाया कशा घालवायच्या? वाटपात हा गृहस्थ कर्णाचा अवतार. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बीपी १५० निघालं, तेव्हा नानांनी खिशातून स्ट्रिप काढून अर्धी कापून दिली. काकूंच्या पर्समध्ये दम्याचा पंप आहे, ही बाब त्यांच्या दृष्टीनं वेगळ्या खात्याची. काकूंची सून औषधाच्या दुकानात काम करते म्हणून निभावलं. तिनं सांगितलं, की ही गोळी मुख्यतः हृदयापुरती असली तरी श्वासनळ्याही आवळू शकते आणि दमेकऱ्याला भलतंच महागात पडतं. नानांनी स्ट्रिप परत घेतली आणि देणं-घेणं रद्द अशी नोंद केली.

गणपतीला नाना कोकणात गेले. निघताना पातळी ११८, त्यामुळे गोळ्या पुण्यात. चौथ्या दिवशी आरतीला उभे असताना छातीत धडधड, मग दुखणं, मग पुतण्याची गाडी आणि रत्नागिरीचा दवाखाना.

तिथला डॉक्टर नातवाच्या वयाचा, पण पोरगं धोरणी. त्यानं आधी विचारलं, "नाना, कोणत्या खात्यात होतात?" आणि मग म्हणाला, "तुम्ही धरणाचे सगळे दरवाजे एका फटक्यात उघडायचात का?"

"छे! टप्प्याटप्प्यानं. आधी हजार क्युसेक, मग दोन हजार. त्याआधी नदीकाठी भोंगा."

"ही गोळी अ‍ॅड्रिनॅलिनला हृदयाच्या दारात अडवते. दारं अडली की हृदय नवी दारं पाडून ठेवतं. तुम्ही गोळी एकदम बंद केलीत आणि जुनी-नवी सगळी दारं एकत्र उघडली. अशानं हार्ट अ‍ॅटॅकही येतो. थांबवायचीच तर आठवडा-दोन आठवडे कमी करत न्यायची, तीही आम्ही सांगू तशी."

नाना पलंगावर उठून बसले. हे त्यांना वरिष्ठ कार्यालयाच्या भाषेत प्रथमच कुणी सांगत होतं.

मधुमेहाचं औषध सुरू आहे का, हेही पोरानं विचारलं. होतं. मग तो म्हणाला, साखर फार उतरली की एरवी छाती धडधडते, हात थरथरतात. ही गोळी तो भोंगाच दाबून टाकते. घाम मात्र फुटतो. घाम फुटला की आधी साखर खायची आणि मग वाद घालायचा. नाडी पन्नासच्या खाली दिसली किंवा चक्कर आली, तर वहीत शेरा न मारता फोन करायचा.

पुण्यात परतलेले नाना आता रोज आठच्या ठोक्याला गोळी घेतात, अख्खी, पाण्याबरोबर. खलबत्ता घरच्या काकूंना परत मिळाला. वहीत नाडीचा चौथा रकाना आला, लाल शाईचा. बाकावर मात्र हकिकत थोडी बदलली आहे: रत्नागिरीच्या डॉक्टरला विसर्गाचं तत्त्व नानांनी समजावलं आणि त्यानं ते लगेच स्वीकारलं.

परवा तळमजल्यावरचे देशपांडे सहज म्हणाले, "आज १२० आलं, उद्यापासून गोळी सोडतो."

नाना ताडकन उठले. दंडावरचा पट्टा तसाच लोंबत होता.

"कोणाच्या लेखी आदेशानं?"