सौजन्याचं बाकडं

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. गिरगावच्या वाड्यांत ते सहज दिसतात: पेव्हर ब्लॉक, कमान, बाकडं, आणि बाकड्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'यांच्या सौजन्याने'. सौजन्य कसलं डोंबलाचं, पैसा आपलाच!

खोताच्या वाडीत घरं लाकडी, जिने लाकडी. दोन स्कूटर लागल्या की गल्ली संपली. बंब येणार कुठून? मे २०१५ मध्ये शेजारच्या काळबादेवीच्या आगीत अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले. २०१७ साली १०८ च्या मोटारसायकल रुग्णवाहिका आल्या, अशाच गल्ल्यांसाठी. स्कूटरवाल्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

पुढच्या वेळी साहेब हात जोडून आले, की त्यांना त्याच बाकड्यावर बसवा आणि विचारा, फायर हायड्रंट कुठे आहे?