जामीन पाचशे रुपये

दुकानदार : मास्तर, मशीनला काही झालेलं नाही. ती एस मोडमध्ये आहे. बाहेरचं काही टाकू देत नाही, एवढंच. सोडवून देतो. पाचशे होतील.

गिऱ्हाईक : म्हणजे रोख पैसे मोजून आणलेला लॅपटॉप आता जामिनावर सोडवायचा? आणि गुन्हा काय केला त्यानं?

दुकानदार : गुन्हा कसला! तुमच्या भल्यासाठी कंपनीनंच तसा दिलाय. व्हायरस नाही, कटकट नाही.

गिऱ्हाईक : भलं मला कळतं, शेठ. या मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप चालतात. पेनड्राइव्हवरून आणलेली एक्सई फाइल उघडतच नाही, त्यामुळे तिच्यातून येणारा व्हायरसही दारातच अडतो. ज्याला मेल बघायचे, पोरांना अभ्यासाचे व्हिडिओ लावून द्यायचे, त्याला एवढं पुरतं. मराठी टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही 2019 पासून विंडोजमध्येच मिळतो. पण हा लॅपटॉप पुतण्याच्या सेवा केंद्रासाठी हवाय, हे पैसे देण्याआधी तुम्हाला सांगितलं होतं. सेवा केंद्राच्या टेबलावर काय असतं? अंगठा घ्यायचं यंत्र. पीएम किसानच्या ई-केवायसीला आलेला म्हातारा अंगठा त्यावरच ठेवतो, आणि त्या यंत्राचा ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा प्रोग्रॅम कंपनीच्या साइटवरून उतरवून बसवावा लागतो. शेजारी डिजिटल सहीचं टोकन, त्याचाही ड्रायव्हर तसाच. हिशेबाची टॅली तशीच. लग्नपत्रिकेची श्रीलिपी तर डोंगल खोचल्याशिवाय चालत नाही, ती काय स्टोअरमधून येणार? आज यातलं एकही बसलं नाही. लावणी करून करून रेषा झिजलेला अंगठा त्या म्हाताऱ्यानं सदऱ्याला पुसून तिसऱ्यांदा काचेवर ठेवला, तरी स्क्रीन म्हणते ‘डिव्हाइस नॉट रेडी’. त्याला वाटलं, आपला अंगठाच बाद झाला.

दुकानदार : बरं, जुनं गिऱ्हाईक म्हणून चारशे द्या.

गिऱ्हाईक : जामीन उतरला. पण आरोप अजून कळला नाही.

दुकानदार : आरोप-बिरोप काही नाही. स्वस्तातलं मशीन म्हटलं की थोडी तडजोड आलीच.

गिऱ्हाईक : स्वस्ताचा आणि याचा संबंध नाही. 2 मे 2017 ला मायक्रोसॉफ्टनं न्यूयॉर्कमध्ये विंडोज 10 एस पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा ते 999 डॉलरपासून पुढच्या सरफेस लॅपटॉपमध्येही घातलं होतं. तो काही गरिबाचा लॅपटॉप नव्हता. आणि कुलूप घालून विकायची ही खोडही जुनीच आहे. 2005 मध्ये आपल्याकडे हिंदीत एक्सपी स्टार्टर आलं, त्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. चौथा उघडायला गेलात की नकार. 2009 चं विंडोज 7 स्टार्टर घेतलं तर पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता यायचं नाही. आता सांगा, देवीचा फोटो लावल्यानं कुठला व्हायरस येतो? तिथं सुरक्षेचा प्रश्नच नव्हता. माणसाला थोडं अडवायचं, म्हणजे तो कंटाळून पुढची महाग आवृत्ती घेतो, एवढाच हिशेब. मग 2012 मध्ये टॅब्लेटवर विंडोज आरटी आलं. बाहेरून हुबेहूब विंडोज, आत नवं काही टाकायचं तर फक्त स्टोअरमधून. लोकांनी घेतलं नाही, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला त्या टॅब्लेटपायी 90 कोटी डॉलरची खोट दाखवावी लागली. एवढं होऊनही तीच कल्पना पाच वर्षांत नवं नाव घेऊन परत आली.

दुकानदार : मास्तर, तुम्ही पुस्तकातलं बोलता. या काउंटरवर या. मुरबाडपासून किन्हवलीपर्यंतची पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात, प्रत्येकात क्रॅक केलेलं काहीतरी. एक पेनड्राइव्ह चार कॉम्प्युटर झोपवतो. आमदनी माझीच होते, पण शिव्याही मीच खातो. ‘मशीन खराब दिली’ म्हणून! एस मोडवाला एकही लॅपटॉप माझ्याकडे व्हायरसपायी परत आलेला नाही.

गिऱ्हाईक : हे तुमचं खरं आहे, मी नाकारत नाही. कुलूप वाईट असं म्हणणारा माणूस घराला कडी लावत नसेल. पण आपल्या शहापूर तालुक्यातली तानसा आणि भातसा ही धरणं बघा. पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळा लागला की आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. धरण फोडा, असं कुणी शहाणा म्हणत नाही, मुंबईलाही तहान आहे. तक्रार एवढीच की दरवाजे कधी नि किती उघडायचे, हे ठरवताना धरणाशेजारच्या माणसाला कुणी विचारत नाही. या लॅपटॉपचंही तेच. कुलूप असू द्या, पण ते घालायचं की नाही हे ज्याचे पैसे त्यानं ठरवावं. ज्या पोराला क्रॅक टाकायची सवय आहे, त्याच्या बापाला तुम्ही सांगा, ‘हा एस मोड ठेवा.’ तो आनंदानं ठेवेल. कारण त्याला विचारलेलं असेल.

दुकानदार : तीनशे. यापेक्षा खाली परवडत नाही.

गिऱ्हाईक : तुम्हाला काय परवडत नाही? कंपनीला किती द्यावे लागतात?

दुकानदार : कंपनी कशाला घेईल? ते तर फुकट आहे!

गिऱ्हाईक : काय म्हणालात?

दुकानदार : म्हणजे... फुकट आहे, पण रस्ता माहीत पाहिजे ना. करणावळ रस्त्याची.

गिऱ्हाईक : अहो, कोर्टानं निर्दोष सोडलंय आणि तुम्ही फाटकावर जामीन घेताय!

दुकानदार : बघा, तुमच्याच तोंडून आलं. सोडलंय ना? फुकट ना? मग कंपनीचं चुकलं कुठं? चावी तर तुमच्याच हातात दिलीय.

गिऱ्हाईक : दिलीय, पण कशी? 2018 पासून एस मोडमधून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, हे बरोबर. पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून स्टोअरमध्ये शिरावं लागतं. आणि एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. उद्या पुतण्यानं सेवा केंद्र बंद केलं आणि हाच लॅपटॉप घरच्या लहान पोराला दिला, तर त्याच्यासाठी कुलूप पुन्हा लावता येणार नाही. सुरक्षा एवढी मोलाची असेल, तर ती एकदाच का देता? जे कुलूप उघडता येतं पण पुन्हा लावता येत नाही, ते मालकाच्या सोयीचं नव्हे. सोय असती तर एक बटण असतं, इकडे आणि तिकडे. आणि मुख्य गोष्ट, खोक्यावर ‘विंडोज 11’ ठळक, प्रोसेसर ठळक, रॅम ठळक. ‘एस मोड’ मात्र बारीक अक्षरात, तेही चष्मा पुसून शोधलं तर.

दुकानदार : मोबाइलमध्ये नाही का चालत असं? आयफोनवाला कधी भांडायला आला नाही.

गिऱ्हाईक : आयफोन घेणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं, तो कुंपण बघूनच आत जातो. अँड्रॉइडमध्ये बाहेरचं ॲप टाकताना फोन धोका सांगतो, परवानगी विचारतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. सावधगिरी आणि मुभा एकत्र राहू शकतात, याचा हा पुरावा. आणि जिथं कंपन्या स्वतःहून मुभा देत नाहीत, तिथं मागावी लागते. ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला 1337.76 कोटींचा दंड केला. जानेवारी 2023 मध्ये गूगलनं जाहीर केलं, की भारतात लोकांना सर्च इंजिन निवडता येईल. तोवर तुम्हाआम्हाला कुणी विचारलं होतं?

दुकानदार : मग जा आयोगाकडे! मी काय विंडोज बनवतो? कंपनी पाठवते ते विकतो. एवढं सगळं येत होतं तर ऑनलाइन घ्यायचा होतात, माझं डोकं कशाला खाता?

गिऱ्हाईक : ऑनलाइनवाला सेवा केंद्र म्हणजे काय ते जाणत नाही. तुम्ही जाणता. बनवणारे तुम्ही नाही, पण सांगणारे तुम्हीच. बिलावर एक ओळ लिहून देत जा : ‘यात बाहेरचे प्रोग्रॅम चालत नाहीत. हवे असल्यास फुकट बदलून मिळेल, पण परत पहिल्यासारखं होणार नाही.’

दुकानदार : बिल? बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वर पडेल, आधीच सांगतो.

गिऱ्हाईक : म्हणजे लॅपटॉपही बिनबिलाचा दिलात तर! आता आरोपी कोण, ते कळलं.

मागे उभं असलेलं गिऱ्हाईक : मास्तर, मी मुलीसाठी घ्यायला आलोय. माझाही तसलाच निघाला तर?

दुकानदार : तुमचा दोनशेत करून देतो.

गिऱ्हाईक : काही देऊ नका. पैसे मोजण्याआधी चालू करून दाखवायला सांगा. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन. विंडोजच्या नावापुढे ‘एस मोड’ लिहिलेलं असेल तर मुलीला विचारा, ती यावर काय करणार आहे. फक्त अभ्यास असेल तर राहू द्या, चांगला आहे. टॅली शिकणार असेल तर त्याच पानावर ‘स्विच टू विंडोज 11 होम’ असं दिसेल, तिथून स्टोअरमध्ये जाऊन ‘गेट’ दाबा. एक रुपयाही लागत नाही. आणि बिल घ्या.