तुम्ही नेमके कसे वाचत नाही?

ई-रीडर घेण्याआधी आपल्या वाचनाच्या सवयी तपासा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. सल्ला चांगलाच आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडे वाचनाची सवय ही लग्नाच्या बायोडेटात लिहायची गोष्ट आहे. 'छंद : वाचन, संगीत, प्रवास' असे लिहिणाऱ्या मुलाला 'सध्या काय वाचताय?' असे विचारले, की तो आईकडे बघतो आणि आई पोह्यांच्या बशीकडे. अशा समाजाला वाचनाच्या सवयींवरून यंत्र निवडायला सांगणे हा निव्वळ छळ आहे. म्हणून जनहितार्थ आम्ही प्रश्न उलटा करून विचारतो : तुम्ही नेमके कसे वाचत नाही? न वाचण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत आणि बाजारात प्रत्येकीची सोय आहे.

पहिला मान निद्राधीन वाचकांचा. रात्री उशी टेकून पुस्तक उघडायचे, दुसऱ्या परिच्छेदात डोळा लागायचा आणि पुस्तक नाकावर आदळले की 'आज पुरे' म्हणून दिवा घालवायचा. यांनी फक्त वजन बघावे. साधे किंडल १५८ ग्रॅमचे असते, ते नाक सहज सोसते. २०२२ साली आलेले, लिहिण्याचीही सोय असलेले किंडल स्क्राइब ४३३ ग्रॅमचे. ते घेण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

या मंडळींना ई-शाईचे तंत्रही फार मानवते. पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात, कुप्यांत काळे आणि पांढरे कण. विजेचा इशारा मिळाला की हवे ते कण वर येतात आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत तिथेच बसून राहतात. म्हणजे वीज लागते ती पान उलटायला. उघडलेले पान तसेच ठेवायला काही लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ज्यांनी हे डोके चालवले, त्यांना एकाच पानावर पावसाळा काढणारा वाचक ठाऊक नसणार. पण त्याच्याइतका फायदा कुणाचाच झालेला नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते, असे कंपनी सांगते तो हिशेब रोज अर्धा तास वाचण्याचा असतो. आपल्याकडे चार्जर हरवल्याचे कळायलाच दिवाळी उजाडते. आणि तोवर पाहुण्यांना सांगता येते, 'काय बॅटरी आहे हो! संपतच नाही.'

दुसरा वर्ग संग्राहकांचा. पुस्तक ४९ रुपयांना दिसले की यांचे बोट थरथरते. कागदी पुस्तकांच्या काळात यांची फार कुचंबणा व्हायची. न वाचलेली पुस्तके कपाटातून रोज बघायची, त्यावर धूळ बसायची आणि घरातले कुणीतरी ती झटकताना नको ते बोलायचे. ई-रीडरने ही लाज झाकली. १६ जीबीत हजारो पुस्तके मावतात आणि एकाही पुस्तकाला बाहेरून बघता येत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे पन्नास वर्षे नेटाने वाचले, तरी २,६०० पुस्तके होतात. तरीही संग्राहक दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो '३२ जीबीत नाही का?' त्याला ३२ जीबीचेच द्यावे. उगाच जागा कमी पडली म्हणून वाचायची वेळ यायला नको.

तिसरा वर्ग पीडीएफ-वाल्यांचा. 'फक्त वाचनप्रेमींसाठी' नावाच्या व्हॉट्सॲप समूहावर यांचे वास्तव्य असते. ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके मोफत देतात, पण ती यांना गोड लागत नाहीत. कालच बाजारात आलेली कादंबरी कुणीतरी पानापानाचा फोटो काढून फुकट टाकलेली असावी लागते. ती हे आणखी चाळीस जणांना पाठवतात आणि वाचत कुणीच नसल्यामुळे लेखकाचे नुकसान होत नाही, अशी समजूत करून घेतात.

यांच्यासाठी तांत्रिक सूचना अशी, की सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ उघडू नये. ईपबमधला मजकूर पडद्याच्या मापाने आपला आपण वळतो, अक्षर मोठे केले की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफचे पान मात्र छापल्यासारखे पक्के असते. ते सहा इंचांत कोंबले की वेलांटी, उकार, अनुस्वार सगळ्यांच्या मुंग्या होतात. 'मग ईपबमध्ये बदलून घेऊ' म्हणाल, तर जुन्या डीटीपी फॉन्टात जुळवलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो. बदलायला गेलात तर वाक्याचा चिवडा होतो आणि तो वाचून समूहातले कुणी 'नवकाव्य आहे का?' विचारते. तेव्हा पीडीएफ-वाल्याने दहा इंची यंत्र घ्यावे. ते महाग असते, पण पुस्तकांवर जे वाचवले ते कुठेतरी घालवायलाच हवे.

चौथा वर्ग कागदाच्या वासावर प्रेम करणाऱ्यांचा. 'त्या यंत्राला पुस्तकाचा वास येतो का?' हा यांचा बिनतोड सवाल. यांची पुस्तके काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात, किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नसते, त्यामुळे वास आतल्या आत छान मुरलेला असतो. यांना सरकारचाही पाठिंबा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर, २०१८ साली कमी केल्यानंतरही, पाच टक्के. म्हणजे वास करमुक्त आहे. यांनी ई-रीडर मुळीच घेऊ नये. त्याला नावे ठेवण्याचा आनंद तो घरात आल्यावर निम्मा होतो.

पाचवा वर्ग अभ्यासूंचा. हे यंत्र घेण्यापूर्वी परीक्षणे वाचतात. किंडल की कोबो, बटणे असावीत की पडद्यावर बोट फिरवावे, ३०० पीपीआय पुरेत का, रंगीत पडद्यावर रंगाची घनता निम्मी म्हणजे १५०च का, हे सगळे यांना तोंडपाठ. यांनी वाचलेल्या परीक्षणांचे खंड पाडले, तर केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड खालच्या फळीवर सरकवावे लागतील. ही माणसे खरेदी कधीच करत नाहीत, कारण पुढचे मॉडेल नेहमी चार महिन्यांवर आलेले असते. गंमत म्हणजे या यादीत मनापासून आणि शेवटपर्यंत वाचणारे तेवढे हेच.

मात्र एक प्रश्न हे अभ्यासूही विचारत नाहीत : त्यावर मराठी पुस्तके मिळतात का? किंडलवर मराठीचे रीतसर दालन उघडले ते डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्या बरोबरीने. बुकगंगाची ई-पुस्तके वाचायची तर त्यांचे ॲप लागते, ते किंडलवर चढत नाही. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारा, ऑनिक्स बूक्ससारखा ई-रीडर पाहावा लागतो. म्हणजे यंत्र ठरवण्याआधी दुकान ठरवायला हवे आणि दुकानाआधी पुस्तके. पण हा क्रम पाळायचा तर आपल्याला काय वाचायचे आहे ते माहीत असावे लागते. एवढी सक्ती आम्ही कुणावर करू इच्छित नाही.

सहावा वर्ग भेट मिळालेल्यांचा. मुलगा न्यू जर्सीहून येताना बाबांना ई-रीडर आणतो आणि घाईत स्वतःच्याच खात्याला जोडून देतो. मग बाबांच्या यंत्रात 'लवकर श्रीमंत व्हा' छापाची पुस्तके आपोआप उतरतात आणि मुलाला तिकडे कळते, की बाबा एका चरित्रात चार टक्क्यांवर अडकले आहेत. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांची तोंडी परीक्षा होते. ज्या माणसाने आयुष्यभर मुलाला 'अभ्यास झाला का?' विचारले, त्याच्यावर आलेली ही पाळी न्यायाला धरून आहे. यांनी वायफाय बंद ठेवावे. बॅटरीही वाचते आणि अब्रूही.

सातवा वर्ग पुस्तक उसने न देणाऱ्यांचा. यांच्यासाठी ई-रीडर हे वरदान आहे. 'द्यायचे होते हो, पण आपण पुस्तक विकत घेत नाही, फक्त वाचायचा परवाना घेतो' असे हात जोडून सांगता येते आणि ते खरेही असते. परवाना म्हणजे काय, हे जगाला जुलै २००९ मध्ये कळले. जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांची एक ई-आवृत्ती ज्याने विकायला ठेवली, त्याच्याकडे हक्कच नव्हते. म्हणून ॲमेझॉनने ती अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली. सत्ता माणसाच्या घरात कशी डोकावते हे सांगणारेच पुस्तक घरात शिरून उचलले, म्हणून फार ओरड झाली आणि जेफ बेझोसने माफी मागितली. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले आणि विकलेली पुस्तकेही त्यासोबत गेली. दोन्ही वेळा गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले. मराठी वाचकाला यात धक्का बसण्यासारखे काय आहे, ते आम्हाला कळत नाही. आपला मित्र पुस्तक घेऊन जातो, पैसे देत नाही, माफी मागत नाही आणि वर विचारतो, 'कुठलं पुस्तक?'

राहता राहिल्या खरोखर वाचणाऱ्या बाई. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पान उलटणाऱ्या. त्या सल्ला विचारत नाहीत. सगळ्यांत स्वस्त यंत्र घेतात, चरे पडले तरी वापरतात, पान जरा हळू उलटते म्हणून कुरकुरतात आणि पुस्तकामागून पुस्तक संपवतात. लागलेच तर वाचनालयाची वर्गणीही भरतात. दहा वर्षे यंत्र बदलणार नाहीत. अशा गिऱ्हाइकांवर कुठल्याही कंपनीचे भागणे शक्य नाही. दर वर्षी नवा पडदा, नवा रंग, नवे कव्हर निघते ते तुमच्या-आमच्या जिवावर. हा धंदा न वाचणाऱ्यांनी तोलून धरला आहे, याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

तेव्हा फार विचार करू नका. दसऱ्याच्या सेलमध्ये परवडेल ते यंत्र घ्या आणि त्याच दिवशी सरस्वतीसमोर पाटावर मांडा. पूजेला ठेवलेले पुस्तक त्या दिवशी वाचायचे नसते, एवढा एक नियम आपला समाज अजून निष्ठेने पाळतो. वर्षभर पाळतो.