सायलेन्सरला ताप

रविवारी सकाळी सात वाजता पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या डिझेल गाडीचा एक्झॉस्ट हजार अंशांच्या वर तापला होता. निदान स्कॅनर तसं म्हणत होता. गाडी आदल्या दुपारपासून जागची हललेली नव्हती आणि सायलेन्सरखाली सोसायटीचं मांजर झोपलं होतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मांजराने फक्त कूस बदलली.

गाडीमालक निवृत्त बँक अधिकारी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा ठोकळा खोचून त्यांनी कोड काढला होता: पी०५४६. मोबाइलने अर्थ सांगितला, एक्झॉस्ट तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. साहेबांनी ‘सेन्सर’ तेवढं वाचलं, ‘सर्किट’ सोडून दिलं. जन्मभर कर्जाच्या कागदांतलं बारीक अक्षर वाचत आलेला माणूस!

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स आलं, तेही पाच नंबरला वगळून थेट चारावरून. तेव्हापासून डिझेल गाडीची काजळी हवेत न जाता सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये साठते आणि साधारण सहाशे अंशांना जाळली जाते. ही आच किती झाली, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सेन्सर कळवतो. त्याचा भरवसा गेला की कॉम्प्युटर जाळायचंच थांबवतो. दिवा लागतो, पिकअप पडतो, आणि काजळी साठत राहते.

तर साहेबांनी साडेपाच हजारांचा नवा सेन्सर आणला. जुना आटा धरून बसलेला. गंजाचं तेल, लांब पाना आणि मेकॅनिकच्या तोंडची दोन-चार वाक्यं खर्ची पडल्यावर तो निघाला. कोड पुसला. दोन दिवसांनी दिवा परत हजर.

मग वायरमन आला. आधी त्याने चौकशी केली, “साहेब, जुना सेन्सर फेकला तर नाही ना?” तो डिकीतच होता. मीटर लावला: २२० ओहम. नवा सोडवून त्याला लावला: २२० ओहम. या जातीच्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला २०० असतो आणि तापेल तसा वाढत जातो. सहाशे अंशांना सहाशेच्या थोडा पुढे. थंड सकाळी २२० म्हणजे दोघंही ठणठणीत. साहेबांनी मीटरकडे पाहिलं, मग मांजराकडे.

“मग वायरिंग तुटलंय?”

“बघू की.” चावी ऑन करून त्याने गाडीकडच्या कपलरमध्ये मीटर धरला. पाच व्होल्ट, अगदी चोख. साहेबांचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात तो म्हणाला, “मीटरवर जाऊ नका. तो करंट ओढतच नाही. घरी आलेला पाहुणा नुसतं पाणी पिऊन गेला, तर डब्यात पीठ आहे का नाही, कसं कळणार?” त्याने वायरच्या तुकड्याने कपलरच्या दोन्ही पिना जोडल्या. सर्किट धड असतं तर व्होल्टेज शून्याकडे आणि तापमानाचा आकडा तळाला जायला हवा होता. आकडा हजाराच्या वरच.

कपलरमागची टेप सोलली, तेव्हा गुन्हेगार सापडला. वायर जिथे पिनेत दाबलेली असते, तिथे तांबं हिरवंगार. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यातलं ताक कळकावं, तशी ती वायर कळकली होती. चार-दोन धागे जेमतेम टेकलेले. अशा सांध्याचा रोध वाढतो, आणि या सेन्सरच्या भाषेत रोध म्हणजे उष्णता. कॉम्प्युटर बिचारा गंजालाच ताप समजत होता.

“गाडी खालून प्रेशरने धुता का?” वायरमनने विचारलं.

“दर रविवारी!” साहेब अभिमानाने म्हणाले, आणि मग गप्प झाले. कपलरचं रबरी सील जागेवर नव्हतंच.

नवी पिन, नवं सील, मजुरी धरून चारशे रुपये. स्कॅनरवर २६ अंश उमटले.

नवा सेन्सर परत करायला साहेब दुकानात गेले. काउंटरमागे पाटी होती: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. आता गाडीत जुनाच सेन्सर आहे. नवा घरी कपाटात, एफडीच्या पावत्यांशेजारी ठेवलाय.