उजव्या गालाचं वय

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमच्या सलूनवाल्याने दाढी करता करता वस्तरा थांबवला, माझी हनुवटी धरून मान आधी इकडे फिरवली, मग तिकडे, आणि विचारात पडला.

"काका, डावीकडनं तुम्ही पन्नाशीचे दिसताय आणि उजवीकडनं पासष्टीचे. आमच्याकडं ज्येष्ठांना वीस रुपये कमी असतात. तुमचे दहा कमी करू काय?"

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो. डावा गाल देखणा कधीच नव्हता, पण सभ्य होता. उजवा म्हणजे मे महिन्यातला उजनी धरणाचा तळ.

उलगडा भाचीने केला. ती त्वचेची डॉक्टर. तिने मोबाइलवर एका अमेरिकन माणसाचा फोटो दाखवला. वय ६९, त्यातली २८ वर्षं मालाचा ट्रक चालवण्यात गेलेली. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला होता. चेहऱ्याची एक बाजू माणसाची, दुसरी कासवाच्या मानेची. "मामा, तिकडे स्टेअरिंग डावीकडे, म्हणून त्याचा डावा गाल गेला. तुमचा उजवा." तिच्या म्हणण्याप्रमाणे उन्हातल्या अतिनील किरणांत दोन भाऊ असतात. 'बी' नावाचा भाऊ भांडखोर, कातडी लाल करून जातो, पण काच त्याला बाहेरच अडवते. 'ए' हा गोडबोल्या. काचेतून अलगद आत येतो, कातडीच्या खालच्या थरात उतरतो आणि तिथल्या कोलाजेनचे धागे कातरणारी एन्झाइम्स जागी करतो. गाडीची समोरची काच थरांची असते, ती त्याला बरंचसं थोपवते. बाजूची तसं काही करेलच असं नाही.

सव्वीस वर्षं मी पाण्याचे पंप विकत सोलापूर-पुणे रस्त्यावर गाडी हाकली आहे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुणे सोलापूरच्या वायव्येला. सकाळी सोलापुरातून निघालं की ऊन उजव्या खांद्यामागून येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून परत निघालं की पुन्हा उजवीकडूनच. उलट पुण्याच्या माणसाने सकाळी सोलापूर गाठून संध्याकाळी परत फिरायचं ठरवलं, तर जाताना आणि येताना ऊन डावीकडून, म्हणजे शेजारच्या सीटवर बसलेल्याच्या अंगावर! पुणेकरांनी हेही आधी बघून ठेवलेलं असणार. त्यात २०१२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवरच्या फिल्मला मनाई केली आणि मी होती ती फिल्मही इमानदारीत खरवडून काढली. माझ्या निम्म्या सुरकुत्या कायदा पाळल्याच्या आहेत.

भाचीने सनस्क्रीन लिहून दिलं. पण आमच्या घरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अपील चालतं, आणि अपिलाचं कोर्ट म्हणजे आमची ही. "अहो, ती केमिकलं कशाला? फळांचे अर्क असताना?" मेहुणीने आधीच एक बाटली आणून ठेवली होती. तीस मिलिलिटर. वर डाळिंबाचं चित्र, आत पिवळसर पाणी. त्या पैशांत मार्केट यार्डातून डाळिंबाचं क्रेट आलं असतं, हे मी बोललो आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कारण दुसऱ्या दिवशी क्रेट आलं.

तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये खायचं काय आणि लावायचं काय याचा पत्ता लागेना. डाळिंबाच्या सालीची पूड दह्यात कालवलेली. पपईचा गर. एका वाटीतलं मी कोशिंबीर समजून पोळीशी खाल्लं, तर ही ओरडली, "अहो, तो तुमचा गाल होता!"

तशी ती अगदीच चूक नव्हती. डाळिंबाच्या सालीत दाण्यांपेक्षा कितीतरी जास्त प्युनिकॅलॅजिन असतं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना ते अतिनील किरणांपासून थोडंफार सांभाळतं. अडचण एवढीच की मी काचेच्या बशीत राहत नाही. माझ्या गालावर मेलेल्या पेशींचा एक थर आहे, आणि त्यातून असले मोठे रेणू सहजी आत शिरत नाहीत. 'क' जीवनसत्त्वाचं सीरमही चांगलं आम्ल असेल तरच आत जातं, आणि हवा-उजेड लागला की बाटलीतच तपकिरी पडतं. म्हणजे माझ्याआधी तेच म्हातारं होतं.

'क' जीवनसत्त्वावरून हिला लिंबू आठवलं. एका रविवारी लिंबाचा रस आणि मध लावून मी गच्चीवर पेपर वाचत बसलो. ऊन कोवळं होतं, निदान मला तसं वाटलं. दोन दिवसांनी गालावर लाल पट्टे उठले, मग बारीक फोड आणि शेवटी तपकिरी ओघळ, रस जसजसा खाली आला होता अगदी तसेच. लिंबात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात आणि ती ऊन लागताच कातडी भाजतात. भाचीने फोनवर शांतपणे विचारलं, "मामा, उन्हापासून वाचण्यासाठी जे लावलं, ते लावून उन्हातच बसलात?" डाग जायला तीन महिने लागले. तेवढ्या काळात सलूनवाल्याने पूर्ण वीस रुपये कमी केले.

मग टोमॅटो. याला मात्र आधार होता. २००१ साली जर्मनीत काही लोकांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलातून खायला घातली, तर अतिनील किरणांनी येणारी त्यांची लाली न खाणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी भरली. खायला घातली, चोपडली नाही, हे मी हिला तीनदा वाचून दाखवलं. ऑलिव्हच्या जागी आमच्याकडे शेंगतेल आलं आणि दहा आठवडे टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, टोमॅटोचं भरीत असा सप्ताह चालला. लाली कमी झाली का ते ठाऊक नाही. माझी जात सावळी, ती मुळात दिसणार कुठे? शिवाय जर्मनांनी मोजली ती लाली. सुरकुत्यांबद्दल टोमॅटोने काहीच कबूल केलेलं नव्हतं.

शेवटी सांगोल्याला चुलतभावाकडे गेलो. त्याची भगव्या डाळिंबाची बाग आहे. म्हटलं, मुळाशीच जाऊ. एप्रिल महिना. बघतो तर सगळ्या बागेवर साड्या! जुन्या, विटलेल्या, निळ्या, अबोली, जरीच्या काठाच्या. झाडांच्या ओळीच्या ओळी पदर घेऊन उभ्या.

"हे काय रे?"

"आण्णा, डाळिंबाला बी ऊन लागतंय की. उन्हाकडच्या अंगाला काळं चट्टं पडत्यात, मग व्यापारी हात लावत न्हाई."

"अरे, पण हे फळ लावलं की ऊन बाधत नाही म्हणतात. बाटलीवर छापलंय."

त्याने माझ्या उजव्या गालाकडे बघितलं, मग झाडाकडे. "त्याचं त्याला भागंना, तुमचं काय करतंय? आमी झाकतो बगा."

परत आल्यावर मी मुकाट्याने सनस्क्रीन उघडलं. त्यावरचा आकडा खरा ठरायचा तर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावावं लागतं. आमच्याकडे ते केशरासारखं काडीच्या टोकाने लावायची पद्धत होती, ती मोडली. पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवले. डाळिंब रोज एक खातो, दाणे, दह्याशिवाय. मेहुणीची बाटली ही टाचांना लावते.

मागच्या वर्षी निवृत्त झालो आणि हडपसरला मुलीकडे राहायला आलो. महिन्यातून तीन-चारदा ती कामासाठी सकाळी सोलापूरला जाते आणि संध्याकाळी परतते. गाडी ती चालवते, मी शेजारी बसतो. आता निवृत्त माणसाला कसलं सनस्क्रीन, म्हणून ट्यूब कपाटात ठेवून दिली. परवा त्या फेरीत जुन्या सलूनमध्ये डोकावलो. त्याने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली आणि समाधानाने मान डोलावली.

"जुळल्या की काका दोन्ही बाजू! डावी गाठत आली."

वीस रुपये पूर्ण कमी केले.