भांडी न घासणारे नाना

चाळीस वर्षांच्या संसारात नानांनी एक चमचा विसळला असेल तर शपथ. जेवून उठताना पाणी प्यायचं भांडं ताटात उपडं करायचं, एवढाच काय तो त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध. ते भांडंही कधीकधी घरंगळून खाली जायचं आणि काकू ते उचलायच्या.

२०२०च्या टाळेबंदीत कामाच्या बायका यायच्या बंद झाल्या आणि बंगळुरूच्या लेकीने आईसाठी डिशवॉशर पाठवला. तेव्हापासून सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत नानांइतका भांड्यांवर अधिकारवाणीने बोलणारा माणूस दुसरा नाही. म्हणजे ते अजूनही भांडी घासत नाहीतच. खरकटं काढून ताटं-वाट्या यंत्रात लावतात काकू, बाहेर काढतात काकू. नानांकडे आहे ती ‘देखभाल’. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. ज्याला पंप आहे, पाइप आहे आणि पाण्याचा निचरा आहे, ते त्यांच्या लेखी बाईचं काम राहतच नाही. ती यंत्रणा होते. आणि यंत्रणेला नोंदवही लागते. ‘डिशवॉशर : अंतर्गत स्वच्छता’ असं लेबल लावलेली वही फ्रिजवर असते, आणि तिच्यात तारीख, वार, वापरलेलं द्रव्य आणि शेरा असे रकाने आखलेले आहेत.

हे नाना एकटे नव्हेत. निवृत्ती, मधुमेह आणि मोकळी दुपार या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे असा एक गृहस्थ तयार होतोच. त्याची पहिली खूण म्हणजे ‘केमिकल’ हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो. “घरात केमिकल नको!” नाना गरजतात. पाणी हेही केमिकलच, असं काकूंनी एकदा सांगून पाहिलं. काकू शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवायच्या. नानांनी ते ऐकलं नाही असं केलं, चाळीस वर्षांच्या सरावाने.

नानांची द्रव्यं एका पत्र्याच्या डब्यात असतात. व्हिनेगर, खायचा सोडा, लिंबाची वाळलेली सालं, आमसुलं आणि रिठे. शनिवारी दुपारी वामकुक्षी टाळून प्रयोग चालतो. रिकाम्या यंत्रात ते आधी व्हिनेगर ओततात, मग त्यावर सोडा. फसफस फसफस! नाना दोन पावलं मागे सरतात आणि बघणाऱ्याकडे विजयी मुद्रेने पाहतात. “बघा, कसं काम चाललंय!” काम कसलंच चाललेलं नसतं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळी होतात, हवा उडून जाते, आणि मागे उरतं किंचित खारट पाणी. क्षार काढायचे तर आम्ल एकटं हवं, वास घालवायचा तर सोडा वेगळा, दुसऱ्या वेळी. काकूंनी हे आठवीच्या किती तुकड्यांना शिकवलं असेल! पण नवरा त्यांच्या वर्गात कधीच नव्हता.

रिठ्यांचा शनिवार मात्र सोसायटीच्या आठवणीत राहिला. आजीच्या काळी सोन्याचे दागिने रिठ्याने धुवायचे, रेशमी पातळं रिठ्याने धुवायचे. मग यंत्राने काय घोडं मारलंय? मूठभर रिठे रात्रभर भिजवून नानांनी ते पाणी आत सोडलं आणि बटण दाबलं. आता डिशवॉशरला फेस मुळीच चालत नाही. त्याची पावडरही मुद्दाम फेस न होणारी बनवतात, कारण आतल्या फिरत्या हातांतून पाणी जोराने उडतं आणि साबण असेल तर त्याचं ताक घुसळल्यासारखं होतं. दाराच्या फटीतून पांढरा फेस निघाला तो ओट्याखालून, देवघराच्या पाटाखालून, थेट हॉलमधल्या सतरंजीपर्यंत. वहीत त्या तारखेपुढे शेरा आहे : ‘परिणाम अपेक्षेपेक्षा अधिक.’

आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी, म्हणजे क्षारांची खाण. काचेचे पेले धुऊन निघाले तरी त्यांच्यावर पांढुरकी झाक. या यंत्रात त्यासाठी तळाशी मिठाची टाकी असते. ते मीठ भांड्यांपर्यंत जातच नाही. आत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि भरून गेले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा रिकामे होतात. त्यामुळे मीठ शुद्धच लागतं. नानांनी आणलं सैंधव. गुलाबी, खड्यांचं, महागाचं, “थेट निसर्गातलं.” निसर्गातलं म्हणजे आतल्या सगळ्या मातीसकट आणि ज्या क्षारांना पकडायचं त्यांच्याचसकट, हे काकूंनी शांतपणे सांगितलं आणि पुडा उचलून उपवासाच्या डब्यात ठेवला. ती आषाढी एकादशी फार चविष्ट झाली.

हल्ली नाना लिंबूसत्त्वावर आले आहेत. ही त्यांची सर्वांत शहाणी निवड, असं माझं मत आहे. ढोकळ्यात घालतात तेच. दोन-तीन मोठे चमचे रिकाम्या यंत्राच्या तळाशी टाकायचे, भांडी काढून ठेवायची, गरम पाण्याचा कार्यक्रम लावायचा. क्षारांचा थर विरघळतो आणि व्हिनेगरचा आंबूस वास घरभर फिरत नाही. व्हिनेगर सतत वापरलं तर दाराभोवतीच्या रबरालाही ते सोसत नाही. ब्लीच आणि आम्ल मात्र कधीही एकत्र नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. इथे नाना-काकूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. पण लिंबूसत्त्व लिंबं पिळून काढतात या नानांच्या श्रद्धेला काकूंनी परवा सुरुंग लावला. गेली शंभर वर्षं ते कारखान्यात साखरेवर काळी बुरशी वाढवून तयार करतात. नाना पाच मिनिटं गप्प होते. दाराच्या रबरात जी काळी बुरशी ते दर शनिवारी जुन्या धोतराच्या फडक्याने खरवडून काढतात, तिच्याच भाऊबंदांचं औषध तिच्यावर चाललं होतं. मग म्हणाले, “बुरशी तरी नैसर्गिकच ना?”

आता खरी गोष्ट सांगतो. डिशवॉशरला वास येतो तो बहुतेक वेळा तळाच्या जाळीमुळे. खालचा ट्रे बाहेर ओढायचा, जाळीचा दंडगोल डावीकडे फिरवून उचलायचा. काकूंनी मला एकदा तो दाखवला. आत होतं : मेथीचे चार दाणे, कढीपत्त्याचा देठ, चिंचेचा धागा, शेंगदाण्याचं सालपट, भाताची शितं आणि या सगळ्यांवर पिवळसर, ओशट चिकटा. फिरत्या हाताच्या भोकांत मोहरी बसते. अगदी मापाची. जणू कारखान्याने फोडणी डोळ्यांसमोर ठेवूनच भोकं पाडली आहेत. काकू ती टूथपिकने काढतात, जाळीला जुना टूथब्रश मारतात, नळाखाली धरतात आणि परत बसवतात. दहा मिनिटांचं काम. दर शुक्रवारी रात्री, नाना बातम्या बघत असताना.

शनिवारी यंत्र चकाकतं. नाना वहीत लिहितात : ‘लिंबूसत्त्व. दुर्गंधी पूर्णपणे नाहीशी.’ मी काकूंना विचारलं, सांगत का नाही त्यांना? काकू म्हणाल्या, “अहो, सांगितलं तर शुक्रवारीही प्रयोग करतील.”

नाना सध्या इतरांच्या घरी मोफत सल्ला द्यायला निघाले आहेत. तुमच्याकडे आले तर प्रेमाने बसवा, बिनसाखरेचा चहा द्या, वहीही बघा. रिठ्यांची पिशवी तेवढी चपलांच्या स्टँडवरच ठेवून घ्या, आणि ते येण्याआधी जाळी धुऊन टाका.