काळजीचे बळी

घरातला कॉम्प्युटर गेला की पंचनामा ठरलेला असतो. चहा सांडला होता, वीज गेली होती, धाकट्यानं काहीतरी दाबलं होतं, आणि यातलं काहीच जमलं नाही तर सर्वांना पुरून उरणारा ‘व्हायरस’ असतोच. या चौघांपैकी कुणालाही वकील मिळत नाही आणि खटला जेवणाच्या टेबलावरच निकाली निघतो. पुरावा नीट तपासला तर मात्र चौघांनाही संशयाचा फायदा द्यावा लागेल, असं आमचं नम्र मत आहे. अपघातानं कॉम्प्युटर जखमी होतो, हे मान्य. त्याचा जीव जातो तो बहुतेक वेळा नंतर, शांत डोक्यानं, सहकुटुंब घेतलेल्या काळजीमुळे. ज्या घरात कॉम्प्युटरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तिथे तो धुळीनं माखून, पंख्याची घरघर करत वर्षानुवर्षं चालतो. ज्या घरात त्याच्यावर भरतकामाचं कव्हर घातलेलं असतं, तिथे त्याचं काही खरं नसतं.

चहाचंच घ्या. आपला चहा म्हणजे दूध आणि साखर. पाणी उडून गेलं तरी हे दोघे बटणांखाली चिकटून मुक्काम करतात, हे खरं. पण लॅपटॉपमध्ये शिरलेला चहा एकटा फारसं काही करू शकत नाही. त्याला विजेची साथ लागते. वीज चालू असताना ओल राहिली की सर्किटवरचं तांबं गंजायला दिवस लागत नाहीत. म्हणून उपाय सोपा: ताबडतोब बंद करा, वायर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, उलटा घाला आणि त्याच्या वाटेला जाऊ नका. या उपायात एकच मोठा दोष आहे. त्यात कुणालाच काही करायला मिळत नाही. एवढा महागाचा जिन्नस पालथा पडलाय आणि घरातले पाच जण हाताची घडी घालून बसलेत, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. मग एक जण ओल्या फडक्यानं पुसतो, दुसरी हेअर ड्रायर लावून वरचा चहा आतल्या खोलीपर्यंत पोहोचवते, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, “जरा चालू होतोय का बघू.” तीनदा बघितल्यावर चौथ्यांदा तो होत नाही. दरम्यान कुणीतरी तांदळाचा डबा आणलेला असतोच. ओल्या फोनला तांदळात पुरू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असं ॲपलनं २०२४ साली लेखी सांगितलं. पण ॲपलला आपल्या आंबेमोहोराची काय कल्पना!

यावर एक आक्षेप लगेच येईल: कप लॅपटॉपजवळ ठेवणं हा निष्काळजीपणाच नव्हे का? आहे. पण सांडणं आणि संपणं यांत किती अंतर असू शकतं, याचा जगप्रसिद्ध दाखला वेल्समधल्या न्यूपोर्टचा आहे. तिथल्या एका गृहस्थाच्या लॅपटॉपवर पेय सांडलं. लॅपटॉप कामातून गेला, पण हार्ड डिस्क वाचली. त्यांनी ती काढून टेबलाच्या खणात टाकली आणि विसरून गेले. त्या विस्मृतीच्या काळात डिस्क सुखरूप होती आणि तिच्यातल्या सात-आठ हजार बिटकॉइनची किंमत चढत होती. मग २०१३ साली घर आवरायला काढलं. डिस्क कचऱ्यात गेली, कचरा नगरपालिकेच्या कचरा डेपोत गेला, आणि तो डेपो खणू द्यावा म्हणून त्यांनी घातलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं फेटाळला. म्हणजे बघा, सांडलेल्या पेयाला जे जमलं नाही ते घर आवरण्यानं करून दाखवलं. दिवाळीच्या साफसफाईला आपल्याकडे कुणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही. या खटल्याचा निकाल मराठीत आणून घरोघर वाटायला हरकत नाही.

“आमच्याकडे तर विजेनंच गेला,” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. वीज कोसळली आणि केबलमधून आत शिरली तर कोण काय करणार, ते प्रकरण आम्ही सोडून देतो. गेलेली वीज परत येताना झटका देते, हेही खरं. पण जुन्या डेस्कटॉपची पाठ आठवा. वीजपुरवठ्याच्या डब्यावर, वायर लागते तिथेच, नखाएवढी लाल पट्टी असायची. एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. आपल्याकडे ती जन्मभर २३० वर राहायला हवी. ११५ वर सरकवली की डब्याचा समज होतो की येणारी वीज निम्म्या ताकदीची आहे, म्हणून तो ती इमानानं दुप्पट करून घ्यायला जातो. मग एक फटाका, मागून काळा धूर आणि खोलीभर जळका वास. आता ही पट्टी सरकवतं कोण? उंदराला ती जमत नाही. महावितरणचा माणूस पलंगामागे येत नाही. ती सरकते फडकं मारताना, किंवा ‘कमी व्होल्टेजवर ठेवला तर बिलही कमी येईल’ असा विचार करणाऱ्या जबाबदार कुटुंबप्रमुखाच्या बोटानं.

साफसफाईचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडायला नको. धूळ वाईट, कारण ती पंखा आणि जाळी बुजवते आणि उष्णता कोंडते. यावर उपाय म्हणून चालू कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर घातलं जातं, म्हणजे उष्णता कोंडायला धुळीची वाट बघावी लागत नाही. त्यापुढची पायरी व्हॅक्यूम क्लीनरची. त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर विद्युत साठते. माणसाला तसा झटका जाणवायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, आतल्या नाजूक चिपला शंभराच्या आतही पुरतात; त्यामुळे मारेकऱ्याला आपण काय केलं याचा पत्ता लागत नाही आणि तो पुढची जाळी साफ करायला घेतो. कोकणात हवाच दमट, तिथे या प्रकाराला वाव कमी. पण तिथे पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओलाव्याचा थर धरतो आणि कॉम्प्युटर नुसता बीप-बीप करत राहतो. रॅम काढायची, शाळेतल्या खोडरबरनं पट्ट्या घासायच्या, परत लावायची, हा त्यावरचा उपाय खरोखर लागू पडतो, हे मान्य केलं पाहिजे. पंचाईत त्यामुळेच होते. एकदा गुण आला की घरातला खोडरबरधारी वैद्य दर रविवारी रॅम काढतो. ती उलटी बसू नये म्हणून कंपनीनं खाच ठेवलेली असते. पण पुरेशा तळमळीनं जोर लावला तर खाचेचं काही चालत नाही.

राहिला व्हायरस. त्याच्या बाजूनं बोलणं कठीण आहे. २६ एप्रिल १९९९ रोजी, चेर्नोबिलच्या स्मृतिदिनी, सीआयएच नावाचा व्हायरस जागा झाला. त्यानं डिस्कवरची माहिती पुसलीच, शिवाय कित्येक कॉम्प्युटरांची बायोस चिप कोरी करून टाकली. भारतातही त्याचा फटका बसला. हा खून आम्ही नाकारत नाही. पण त्यानंतर तीनच वर्षांनी एक ईमेल जगभर फिरलं, तेही याच्या शेजारी ठेवा. त्यात लिहिलं होतं की तुमच्या विंडोजमध्ये छोट्या अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल आहे. तो व्हायरस आहे, चौदा दिवस दबा धरून बसतो, अँटिव्हायरसला सापडत नाही. तेव्हा फाइल पुसा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं तर अस्वल खरंच सापडलं! सापडणारच, कारण ती फाइल विंडोजबरोबरच आलेली, जावासाठी लागणारी निरुपद्रवी फाइल होती. त्या ईमेलमध्ये व्हायरस नव्हताच. फाइल पुसायची, रिसायकल बिन रिकामा करायचा आणि हाच संदेश शंभर जणांना पाठवून साथ पसरवायची, ही व्हायरसची तिन्ही कामं काळजीवाहू माणसांनी बिनपगारी केली. ती फाइल बहुतेकांना कधीच लागणार नव्हती, एवढ्यावर निभावलं. व्हायरसच्या नुसत्या संशयावरून बोलावलेला दुरुस्तीवाला “फॉरमॅट मारून देतो” म्हणतो तेव्हा निभावत नाही. तो शब्दाला जागतो, आणि डेस्कटॉपवर ठेवलेले मुंजीपासून बारशापर्यंतचे फोटो व्हायरससकट स्वच्छ होतात.

“मग काय, काळजी घ्यायचीच नाही?” असा त्राग्याचा प्रश्न येणार. तो रास्त आहे, म्हणून एक उलटा दाखला देतो. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कुणीतरी फाइली पुसण्याचा आदेश चुकीच्या जागी दिला आणि चित्रपटातली पात्रं पडद्यावरून एकेक करून नाहीशी व्हायला लागली. बॅकअपची चोख व्यवस्था होती. ती कित्येक दिवस नीट चालतच नव्हती, हे तेव्हा कळलं. चित्रपट सापडला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरच्या कॉम्प्युटरवर. त्यांचं बाळ तान्हं होतं आणि घरून काम करता यावं म्हणून त्यांनी एक प्रत घरी ठेवली होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बसवून स्टुडिओत नेला. (पुढे त्या चित्रपटाचा बराचसा भाग पिक्सारनं आपणहून मोडीत काढून नव्यानं केला, ते सोडा.) काळजी म्हणून जी यंत्रणा उभारली होती ती फसली. वाचवलं ते सोयीसाठी ठेवलेल्या प्रतीनं, आणि ब्लँकेट घातलं तेव्हा तो कॉम्प्युटर बंद होता. आपल्याकडे नेमकं उलट होतं: डब्याला कव्हर, स्टॅबिलायझर, लिंबू-मिरची, आणि आतल्या मजकुराची दुसरी प्रत कुठेच नाही.

आताच्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली, बॅटरी बाहेर निघत नाही, लाल पट्टी इतिहासजमा. घरच्या हातांना काम उरू नये अशी कंपन्यांनी तजवीज केली आहे, म्हणून कुणी सुटकेचा श्वास टाकेल तर घाई होईल. २०२० साली ॲपललाच ग्राहकांना बजावावं लागलं की कॅमेऱ्यावर झाकण लावून मॅकबुक मिटू नका, पडदा फुटू शकतो. आपल्यावर कुणी नजर ठेवू नये म्हणून लावलेलं, जाडीला जेमतेम असलेलं ते प्लास्टिकचं झाकण. पण मिटलेल्या लॅपटॉपच्या दोन पाखांत तेवढीही जागा नसते. तांदळाचा दाणा त्याहून जाड असतो. दसऱ्याला लॅपटॉप उघडून, कीबोर्डवर हळद-कुंकू आणि अक्षता वाहून, झेंडूचं फूल बाजूला काढून तो भक्तिभावानं मिटणाऱ्यांनी दुरुस्तीवाल्याला सांगताना मात्र आठवणीनं सांगावं की काल रात्री वीज गेली होती.